येळ्ळूरची पाटी आणि मामांची बोटं

गणपतीला गावी आलो की चार दिवस आरत्यांत जातात आणि उरलेले सरकारी कामात. यंदा मामांचं काम होतं, दिव्यांग ओळखपत्राचं. मामा वडगावचे. उभी हयात मागावर गेली आणि साठीत काचबिंदूनं नजर नेली. त्यांना घेऊन बेळगावातल्या एका सरकारी इमारतीत दोन दिवस हेलपाटे घातले.

इमारत नवी होती. दर्शनी भागावर भलीमोठी कन्नड पाटी, तिच्या पोटात बारीक इंग्रजी. रॅम्प होता, पण त्याच्या तोंडाशी मोटारसायकली लावलेल्या. चाकाच्या खुर्चीचं निळं चित्रही होतं, ते रॅम्पच्या वरच्या टोकाला. म्हणजे चढून गेल्यावर कळणार की इथून चढायचं असतं. आत खोल्यांच्या दारांवर कागद चिकटवलेले, त्यातले अर्धे पंख्याच्या वाऱ्यावर फडफडत होते.

मामा भिंतीला हात लावून चालत होते. व्हरांड्यात एके ठिकाणी थबकले आणि बोटं फिरवायला लागले. "हितं काय तर कोरलंय बघ. कुठली खोली रे ही?"

काळ्या ग्रॅनाइटची कोनशिला होती. "मामा, उद्घाटनाचा दगड आहे. पुढाऱ्यांची नावं आहेत."

"किती जण?"

मी मोजले. "अकरा."

"बरीच माणसं आलती की रे," म्हणाले, आणि पुढं चालायला लागले.

त्या अख्ख्या तीन मजल्यांत बोटांना लागेल असं अक्षर तेवढ्या एका दगडावर होतं.

मी कार्डिफला राहतो, ब्रिटनमधल्या वेल्सच्या राजधानीत. इथं आलो तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांत भरल्या त्या दोन भाषांतल्या पाट्या. बेळगावच्या माणसाची नजर आधी तिथंच जाणार, कोण वर आणि कोण खाली! बऱ्याच ठिकाणी वेल्श वर असते, इंग्रजी खाली. 2021 च्या जनगणनेत वेल्श बोलता येणारे जेमतेम 17.8 टक्के निघाले, तरी सरकारी पाटी म्हटली की ती दोन्ही भाषांत. हे आपोआप झालेलं नाही. साठ-सत्तरच्या दशकांत इथल्या पोरांनी फक्त इंग्रजीत असलेल्या रस्त्यांवरच्या पाट्या रंग फासून बुजवल्या, उखडल्या, तुरुंगात गेली. 1972 साली सरकारी समितीनं द्विभाषिक पाट्यांची शिफारस केली, तीही वेल्श वर ठेवून. हा इतिहास कळला तेव्हा मला घरच्यासारखं वाटलं होतं. आमच्याकडं डबा काळ्या रंगाचा असतो, एवढाच फरक.

दुसरी गोष्ट ध्यानात यायला मला तीन-चार वर्षं लागली. रस्ता ओलांडायच्या सिग्नलच्या खांबावर बटणाचा डबा असतो. त्याच्या बुडाला हात घातला की अंगठ्याएवढा एक खाचांचा शंकू लागतो. हिरवा माणूस पेटला की तो गरागरा फिरतो. आवाज नाही, अक्षर नाही, भाषा नाही. ज्याला दिसत नाही त्यानं बोट लावायचं, फिरलं की चालायचं. ऐकूही न येणाऱ्याला हे चालतं. एका म्हाताऱ्या बाईंना तिथं हात लावताना पाहिलं नसतं, तर मला आजही कळलं नसतं. ज्याला गरज नाही त्याच्या नजरेलाही पडत नाही, अशी ती पाटी आहे.

इथं सगळं आलबेल आहे असं नाही. लंडनच्या भुयारी रेल्वेची निम्म्याहून अधिक स्थानकं आजही पायऱ्या टाळून गाठता येत नाहीत. आणि पाटी लावणाऱ्याला ती वाचता येतेच असंही नाही. 2008 साली स्वान्सीच्या पालिकेनं रस्त्यावरच्या पाटीचं भाषांतर ईमेलनं मागवलं आणि जे उत्तर आलं ते वेल्शमध्ये छापून टाकलं. ते उत्तर होतं, "मी सध्या कार्यालयात नाही, भाषांतराचं काम पाठवून ठेवा." आपल्याकडं असं झालं असतं तर बंद पाळला असता.

आता आपल्याकडचा वाद. 2024 साली कर्नाटकानं कायदा दुरुस्त करून पाटीवरची 60 टक्के जागा कन्नडला सक्तीची केली. त्यावरून बेळगावात मराठी पाट्यांचं काय होणार, ही चर्चा घराघरात आहे. जुलै 2014 मध्ये बेळगावजवळच्या येळ्ळूरच्या 'महाराष्ट्र राज्य' लिहिलेल्या फलकापायी गावानं पोलिसांच्या लाठ्या खाल्ल्या, त्यात माझ्या नात्यातलेही होते. त्यामुळं पाटी म्हणजे नुसता पत्रा, असं मी कधी म्हणणार नाही. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक 15 टक्के आहेत तिथं सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही हव्यात, या तरतुदीवर बोट ठेवून आपण वर्षानुवर्षं निवेदनं देतो, आणि ती दिलीच पाहिजेत.

माझं म्हणणं थोडं निराळं आहे. बसस्थानकावर कन्नड पाटी वाचता येत नाही म्हणून "दादा, ही गाडी खानापूरला जाते काय?" असं दहा जणांना विचारत फिरणारा मराठी म्हातारा आणि माझे मामा यांच्यात त्या घटकेला फरक काय? डोळे असून अक्षर कळेनासं झालं की कसं ओशाळल्यासारखं होतं, ते सीमाभागातल्या माणसाला कुणी शिकवायला नको. मग पाट्यांसाठी साठ-सत्तर वर्षं भांडणाऱ्या आपल्यालाच हे आधी सुचायला हवं होतं. आपल्या निवेदनांत मी ते कधी वाचलेलं नाही. पलीकडच्या कन्नड संघटनांच्या मागण्यांतही नाही. टक्केवारी मोजताना दोघांची फूटपट्टी एकच, डोळसांची.

गंमत पुढंच आहे. 1951 च्या सुमारास भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल ठरली, भारती ब्रेल. तिच्यात लिपी नाही, ध्वनी आहे. मराठी 'क' आणि कन्नड 'क' यांचे ठिपके तेच, पहिला आणि तिसरा. 'शौचालय' किंवा 'निर्गमन' हे शब्द दोन्ही भाषांत आहेत आणि ब्रेलमध्ये ठिपक्याला ठिपका जुळतात. म्हणजे बेळगावातल्या सरकारी शौचालयाच्या दारावर ब्रेल पट्टी लावली तर ती मराठी की कन्नड, हे न्यायालयालासुद्धा ठरवता येणार नाही. 60 आणि 40 सोडा, दोघांना शंभर टक्के.

अर्थात नुसत्या ब्रेलनं मामांचं भागणार नाही. उतारवयात नजर गेलेले फार थोडे लोक ब्रेल शिकतात, आणि मागावर घट्टे पडलेल्या बोटांना ते ठिपके लागणारही नाहीत. त्यांना उठावाची मोठी अक्षरं हवीत, दाराच्या कडीच्या बाजूला, हात सहज पोचेल अशा उंचीवर. जरा अंधुक दिसणाऱ्याला गडद पाटीवर फिकट अक्षर हवं, आणि पाटी चकाकणारी नको. दहा फुटांवर टांगलेला फ्लेक्स यांतल्या कुणाच्याच कामाचा नाही. तो वाढदिवसाच्या शुभेच्छांना ठीक आहे.

कायदा नाही असंही नाही. 2016 चा दिव्यांग हक्क कायदा आहे. त्याचे नियम जून 2017 मध्ये आले आणि जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला पाच वर्षं दिली. ती मुदत 2022 लाच संपली. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सुगमतेचे ते नियम नुसते सल्लेवजा असल्याचं सांगून सक्तीचे नियम करायला सरकारला तीन महिने दिले. आता 60 टक्क्यांचा नियम पाळला नाही तर दुकानापुढं माणसं जमतात. हा पाळला नाही म्हणून कुठल्या कचेरीपुढं कुणी जमल्याचं मी पाहिलं नाही. कारण उघड आहे. जे जमतील त्यांना कचेरीची पायरीच चढता येत नाही.

हे सगळं मी घरी बोललो तेव्हा भाऊ चिडला. "तुला तिकडं बसून सुचतंय. हितं आमचं नाव पुसायला लागलेत आणि तू ठिपके मोजतोस." त्याचा राग खोटा नाही. सीमाभागातली मराठी माणसं एक नोव्हेंबरला काळा दिन पाळतात, त्या फेरीत चालायचं मी कधीच सोडलं, तो आजही काळी पट्टी बांधून जातो. पण पुढच्या निवेदनात मराठीच्या मागणीखाली उठावाच्या अक्षरांची एक ओळ घातली तर मराठीचं काय जातं, याचं उत्तर त्यानंही दिलेलं नाही. "बघू," म्हणाला. आमच्याकडं याचा अर्थ नाही असाही होतो, पण दर वेळी होत नाही.

मामांचं कार्ड परवा आलं. फोनवर म्हणाले, गुळगुळीत आहे, हाताला आधार कार्डासारखंच लागतं. म्हणून मामीकडून त्याच्या प्लास्टिकच्या कव्हराचा एक कोपरा कात्रीनं कापून घेतलाय.