‘तीनशे वर्षं जसाच्या तसा’? जरा पायांकडे बघा

फिडल वाजतंय, शेजारी बँजो, आणि लाकडी फळीवर एक आजोबा एकटेच पायांनी ताल धरतायत. हा अमेरिकेतला व्हिडिओ तुमच्याकडेही आला असेल. खाली मजकूर: ‘ॲपलाचियन डोंगरातलं क्लॉगिंग. नाव लाकडी बुटांवरून. मूळ शुद्ध आयरिश. तुटक खोऱ्यांत तीनशे वर्षं जसंच्या तसं टिकलं.’

पहिलं, बूट. लाकडी तळव्यांचे क्लॉग घालून नाचायचे ते इंग्लंडमधल्या लँकशायरचे गिरणी कामगार. आजोबांच्या पायात साधे चामडी तळाचे बूट आहेत, आणि पाऊल फळीपासून जेमतेम बोटभर उचललं जातंय. टाच, चवडा, घासणं, परत टाच. याला म्हणतात फ्लॅटफुटिंग. व्हर्जिनियातल्या गॅलॅक्सला 1935 पासून फिडलवाल्यांचा मेळा भरतो, तिथे याची वेगळी स्पर्धाच असते. आज क्लॉगिंग म्हणून मंचावर दिसतो तो बहुधा बुटांना पत्रे ठोकून, गुडघे उंच उचलून केलेला सांघिक नाच. तो तसा अलीकडचा. उत्तर कॅरोलिनातल्या ॲशव्हिलला 1928 साली सुरू झालेल्या लोकमहोत्सवातल्या स्पर्धांमधून तो फोफावला. सॅम क्वीन यांचा, त्याच राज्यातल्या सोको गॅपचा नाचणारा संघ 1939 मध्ये व्हाइट हाउसमध्ये ब्रिटनच्या राजा-राणीपुढे नाचला, तोवर त्याला मान मिळालेला होता.

‘शुद्ध आयरिश’चं काय? आयरिश अंश आहेच, स्कॉटिश-इंग्लिशही आहे. उलट बाजूने, आयरिश नाच म्हणजे ताठ हात असं धरून ‘हात सैल आहेत, म्हणजे आयरिश नव्हे’ असं ठासून सांगणारेही फसतात. पश्चिम आयर्लंडच्या शॉन-नोस या पारंपरिक नाचात हात सैलच असतात. पण शुद्ध म्हटलं की कृष्णवर्णीय नर्तक चित्रातून पुसले जातात, आणि मला खटकतं ते हेच. उत्तर कॅरोलिनाच्या डोंगरपायथ्याच्या पठारावर, पीडमाँटमध्ये, कृष्णवर्णीयांचा बक डान्स चालतो, तोही पायांनी ताल धरण्याचाच नाच. तिथल्या डरहम शहराचे कृष्णवर्णीय कलाकार जॉन डी होलमन ब्लूज गिटार वाजवायचे, बक डान्स करायचे आणि मांड्या-छातीवर थापा मारत ‘पॅटिंग जूबा’ही करायचे. 1988 मध्ये त्यांना नॅशनल हेरिटेज फेलोशिप हा अमेरिकेचा लोककलांसाठीचा राष्ट्रीय सन्मान मिळाला. आणि व्हिडिओतला तो बँजो? त्याचे पूर्वज आफ्रिकेतले.

राहिलं ‘जसंच्या तसं’. अशा नाचात मधेच एक पदन्यास हमखास येतो: गुडघे आत-बाहेर, टाचा फिरवत पाय मागेपुढे. तो चार्ल्सटन. देशभर गाजला न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे रंगभूमीवरच्या 1923 च्या एका खेळातून, आणि त्या खेळातले कलाकार कृष्णवर्णीय होते.