कोणता अर्जुन?

माझे नाव अर्जुन आहे, आणि हे वाक्य उच्चारल्यावर समोरून हटकून येणारा "कोणता अर्जुन?" हा प्रश्न ऐकत मी पन्नाशीला येऊन टेकलो आहे. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून नागपूरला बदली झाली, तेव्हा निदान नव्या गावात तरी हे नाव आपले एकट्याचे असेल अशी माझी भाबडी समजूत होती. कचेरीत पाऊल ठेवले तर तिथे दोन अर्जुन आधीच खुर्च्या उबवीत बसलेले. लेखा विभागातला जाडा अर्जुन, आवक-जावक टेबलावरचा चष्मेवाला अर्जुन, आणि तिसरा मी. पहिल्याच आठवड्यात माझा जेवणाचा डबा जिन्यावरून गडगडत थेट साहेबांच्या बुटांपाशी जाऊन थांबला, आणि त्या दिवसापासून मी डबा अर्जुन झालो.

नाव आजोबांनी ठेवले. नाव भारदस्त असले की माणूस आपोआप भारदस्त होतो, असा त्यांचा सिद्धांत होता, आणि तो खोटा ठरलेला पाहायला ते फार काळ राहिले नाहीत, हे एका अर्थी बरेच झाले. वास्तविक अर्जुन हा मुळात एक साधासुधा रंगवाचक शब्द आहे. ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलात "अहश्च कृष्णमहरर्जुनं च" अशी ओळ येते. एक दिवस काळा, म्हणजे रात्र, आणि एक दिवस अर्जुन, म्हणजे पांढरा, उजळ. माझा वर्ण पाहता मी या ओळीच्या पूर्वार्धात मोडतो. बारशाला माझ्या कानात नाव सांगताना आत्याला हसू आवरले नव्हते, असे आई अजूनही आल्यागेल्याला सांगते.

मूळ अर्जुनाचीही या बाबतीत फारशी वेगळी गत नव्हती, हे वाचून मला पुढे बराच धीर आला. विराटपर्वात बृहन्नडेच्या वेषातला हा जगप्रसिद्ध धनुर्धर राजपुत्र उत्तराला शमीच्या झाडापाशी नेऊन "मी अर्जुन" असे सांगतो, तेव्हा उत्तर भारावून वगैरे जात नाही; तो म्हणतो, अर्जुनाची दहा नावे मी ऐकली आहेत, ती सांग, म्हणजे विश्वास ठेवीन. छायाचित्र आणि दोन साक्षांकित प्रती मागितल्या नाहीत, एवढाच काय तो फरक. मग तो बिचारा अर्जुन, फाल्गुन, जिष्णु, किरीटी, श्वेतवाहन, बीभत्सु, विजय, कृष्ण, सव्यसाची, धनंजय अशी दहाही नावे प्रत्येकाच्या खुलाशासह म्हणून दाखवतो. कर्मे शुभ्र म्हणून अर्जुन, आणि कांती सावळी म्हणून वडिलांनी ठेवलेले नाव कृष्ण! ज्याचे नाव पांढरा, त्याचेच दुसरे नाव काळा, हा घोळ खुद्द महाभारतात आहे म्हटल्यावर माझ्या आत्याने हसण्याचे काही कारण नव्हते.

बरे, हे नाव माणसांपुरते राहिले असते तरी मी निभावून नेले असते. पुण्यात असताना छातीत धडधडते म्हणून वैद्यांकडे गेलो, तर त्यांनी नाडी पाहून अर्जुनारिष्ट लिहून दिले. अर्जुनाच्या सालीपासून केलेले हे औषध आयुर्वेदात हृदयासाठी प्रसिद्ध आहे, हे मला त्या दिवशी कळले. दुकानदार पावती करीत होता.

"नाव?"

"अर्जुन."

"औषधाचं कळलं हो. तुमचं सांगा."

"तेच."

त्याने माझ्याकडे असे पाहिले, की मी हृदयाऐवजी डोक्याचे औषध मागायला हवे होते. पण खरा प्रसंग महिन्याभराने घडला. बाटलीच्या तळाशी चमचाभर औषध उरलेले पाहून आमच्या सौभाग्यवतींनी भावाला फोन लावला आणि सांगितले, "अर्जुन संपला रे, येताना घेऊन ये." मेहुण्याने पहिले तीन शब्द ऐकले आणि फोन टाकून तो निघाला. अर्ध्या तासात तो रडवेल्या चेहऱ्याने दारात उभा राहिला, तेव्हा दार मीच उघडले. औषध अर्थातच त्याने आणले नव्हते.

आता अर्जुनीची गोष्ट. गेल्या मे महिन्यात जाड्या अर्जुनच्या मुलीचे लग्न निघाले. त्याचे गाव अर्जुनी. म्हणजे अर्जुनने अर्जुनला अर्जुनीचे निमंत्रण दिले, आणि एवढे अनुप्रास जुळलेले पाहून मीही हुरळून गेलो. निघायच्या आदल्या रात्री पत्रिका सापडेना. कपाटे उपसली, गाद्या उलट्या केल्या. अशा वेळी आमच्या घरात एकच उपाय असतो: आईने हात जोडून "कार्तवीर्यार्जुनो नाम राजा बाहुसहस्रवान् । तस्य स्मरणमात्रेण गतं नष्टं च लभ्यते" हा श्लोक तीन वेळा म्हटला. हा अर्जुन पांडवांतला नव्हे. तो माहिष्मतीचा हजार हातांचा राजा, ज्याने रावणाला कैदेत टाकले आणि ज्याला पुढे परशुरामाने मारले, तो. त्याच्या कारकिर्दीतली एवढी एकच हरवले-सापडले शाखा आमच्या घरात टिकून आहे. रात्री बारापर्यंत त्या हजारांपैकी एकही हात पुढे आला नाही. गावाचे नाव तर पाठ आहे, मग पत्रिका हवी कशाला, असे म्हणून मी झोपलो.

सकाळी नागपूरच्या स्थानकावर बसमध्ये चढलो आणि वाहकाला "एक अर्जुनी" म्हणालो.

"सडक ना?" त्याने विचारले.

"सडकेनंच," मी म्हणालो. बसने आणखी कोणत्या मार्गाने जाता येते, हा प्रश्न मी शिष्टाचार म्हणून गिळला.

भंडारा गेले, साकोली गेली, आणि वाहकाने मला ज्या ठिकाणी उतरवले तिथल्या पाटीवर "सडक अर्जुनी" असे लिहिलेले होते. मुंबईकडून कोलकात्याकडे जाणाऱ्या महामार्गावरचे हे गाव, म्हणून सडक. इथवर सारे नाव स्वच्छ आणि तर्काला धरून होते. फक्त लग्न कुठे दिसत नव्हते. मांडव नाही, वाजंत्री नाही, फेटे नाहीत. पानठेल्यावरच्या माणसाला विचारले, तर त्याने चुन्याचे बोट पुसत मला आपादमस्तक न्याहाळले.

"कोणची अर्जुनी पाहिजे जी तुम्हाला? सडक का मोरगाव?"

गोंदिया जिल्ह्यात, जो १९९९ साली भंडाऱ्यातून वेगळा झाला, एकूण आठ तालुके आहेत आणि त्यांतल्या दोघांचे नाव अर्जुनी आहे. एक सडक अर्जुनी, दुसरी अर्जुनी मोरगाव. याच जिल्ह्यात एक गोरेगावही आहे, ते लोकलने गाठता येत नाही. मोरगाव म्हटले की माझ्या पुणेरी डोक्यात मयूरेश्वराचा गणपतीच येतो, तेव्हा मला कोणी आधी पूर्ण नाव सांगितले असते, तर मी कदाचित बारामतीच्या बाजूला जाऊन मोदक खात बसलो असतो. मी फोन काढून नावाचा शोध घेऊ लागलो, आणि घामेजलेल्या अंगठ्याने शेवटची वेलांटी द्यायची राहून गेली. फोनने मला लष्कराचा अर्जुन रणगाडा दाखवला, १९६१पासून दिला जाणारा अर्जुन पुरस्कार दाखवला, आणि जावा बेटावरचा ३३३९ मीटर उंचीचा अर्जुनो नावाचा ज्वालामुखी दाखवला. मे महिन्यातल्या दुपारी बारा वाजता विदर्भात उभ्या असलेल्या माणसाला ज्वालामुखीचे काय कौतुक?

मी ज्या झाडाखाली पिशवी टेकून बसलो ते अर्जुनाचे असते तर लेखाला फार शोभा आली असती, पण ते कडुनिंबाचे होते. रुमालासाठी पिशवीच्या बाजूच्या कप्प्यात हात घातला, आणि हाताला पत्रिका लागली. तिच्यावर ठसठशीत अक्षरांत "मु. पो. अर्जुनी मोरगाव" छापलेले होते. कार्तवीर्याने आपले काम चोख केले होते. श्लोकात "लभ्यते" आहे, वेळ दिलेली नाही.

पानठेलेवाल्याने तिकडे निघालेल्या एका मालवाहू टेंपोत मला बसवून दिले. कोहमाऱ्याला महामार्ग सोडून आम्ही नवेगावबांधच्या रस्त्याला लागलो आणि जंगल सुरू झाले. वाटेत गाडी तापली, म्हणून चालकाने एका नाल्यापाशी ती उभी केली आणि तो डबा घेऊन पाण्याला उतरला. नाल्याच्या काठाने उंच, गोऱ्या खोडांची झाडे ओळीने उभी होती. जुन्या वाड्याच्या भिंतीचा रंग पोपडे धरून निघावा, तशी त्यांची साल मोठमोठ्या पातळ ढलप्यांनी सुटत होती आणि खालून फिकट हिरवट-पांढरे, गुळगुळीत अंग दिसत होते. बुंध्याशी वाळलेली फळे पडली होती. एक उचलून पाहिले: लाकडासारखे कडक, लांबट, आणि त्याला उभे पाच पंख. पांडवांनी नावाचा हक्क सांगायला जागा ठेवली होती म्हणायची.

"अर्जुन होय जी थे," चालक म्हणाला. "याच्यावर कोशाचे किडे सोडतेत. याच्यावर न् ऐनावर."

तसरचे रेशीम देणारा किडा ऐन आणि अर्जुन यांची पाने खाऊन कोश विणतो, हे मी वाचले होते. पण आपल्या नावाच्या झाडाची पाने कोणी आनंदाने कुरतडत असेल, ही कल्पना त्या क्षणी मला अगदी ओळखीची वाटली. अमरकोशात या झाडाला इंद्रद्रु आणि वीरतरू अशीही नावे आहेत. म्हणजे झाडालासुद्धा एका नावावर भागवता आलेले नाही. गोकुळात तर अशी दोन झाडे जोडीने उभी होती, आणि उखळाला बांधलेल्या बाळकृष्णाने त्यांच्यामधून उखळ ओढीत नेऊन ती उन्मळून पाडली, तेव्हा आतून निघाले कोण, तर कुबेराचे मुलगे नलकूबर आणि मणिग्रीव. बाहेरून अर्जुन आणि आतून भलताच कोणी, हे मी कचेरीत रोज अनुभवतो.

अर्जुनी मोरगावला पोहोचलो तेव्हा अक्षता पडून तास उलटला होता आणि पंगतीत शेवटचा भात फिरत होता. माझी हकिगत ऐकून अख्खा मांडव हसला. शेजारच्या पानावर मुलीकडचे एक निवृत्त संस्कृतचे गुरुजी होते, ते मात्र हसले नाहीत. मठ्ठ्याचा द्रोण खाली ठेवून ते म्हणाले, "तुम्ही चुकला नाहीत. दहाव्या मंडलात सूर्येच्या लग्नाचं सूक्त आहे. त्यात वधूला कधी नेतात? 'अर्जुन्योः पर्युह्यते.' अर्जुनी म्हणजे फल्गुनी नक्षत्र. आणि अर्जुन्योः हे काय आहे?"

मी भात कालवीत गप्प राहिलो.

"द्विवचन!" गुरुजी म्हणाले. "पूर्वा आणि उत्तरा. वेदाच्या मते लग्न दोन अर्जुनींतच लागतं. वऱ्हाडापैकी तेवढं तुम्ही एकट्यानं पाळलंत."

एवढ्या विद्वत्तेने माझी चूक आजवर कोणी पोटात घातली नव्हती. मी त्या आनंदात दोनदा भात घेतला आणि आहेर द्यायला उठलो. मांडवाच्या तोंडाशी एक तरुण वही घेऊन बसला होता. मी पाकीट पुढे केले.

"नाव सांगा."

"अर्जुन."

त्याने पेनाचे टोक पानावरून वरपासून खालपर्यंत फिरवले. "अर्जुन चार झाले जी आतापर्यंत. तुम्ही कोणते?"

मी माझ्या पांढऱ्या सदऱ्याकडे पाहिले. टेंपोतल्या धुळीने तो ऋग्वेदातल्या पहिल्या दिवसाच्या रंगाचा झाला होता.

"सडक," मी म्हणालो.

त्याने मान वर न करता लिहिले: सडक अर्जुन, ५०१ रुपये.