‘फक्त 88’ म्हणणाऱ्या वाचकास

तुमची प्रतिक्रिया काल रात्री वाचली, सकाळी चहा घेताना पुन्हा वाचली. भारताचे डावखुरे फिरकी गोलंदाज बापू नाडकर्णी यांच्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय, “काका, भावना बाजूला ठेवा, आकडे बघा. 41 कसोटींत फक्त 88 बळी. धावा अडवणं म्हणजे बळी घेणं नव्हे. मद्रासची खेळपट्टी मेलेली होती. नाशिक-पुण्याचा माणूस म्हणून तुम्ही डोक्यावर घेताय. आणि सलग निर्धाव षटकं 27 नव्हती, 21 होती.”

शेवटचं बरोबर आहे. 1964 च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्धच्या त्या डावात बापूंनी 32 षटकं टाकली, त्यांपैकी 27 निर्धाव, धावा दिल्या 5. सलग निर्धाव षटकं 21, एकही धाव न देता सलग चेंडू 131. मी दोन आकडे एकमेकांत घातले. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार.

पण “काका, भावना बाजूला ठेवा” हे कुठल्या नात्यानं? तुम्ही स्वतःचं नावसुद्धा दिलेलं नाही. समोर बसून “इथे तुमचं चुकलं” म्हणाला असतात, तर मी तुम्हाला चहा पाजला असता. चूक दाखवायला माझी ना नाही, पण ती दाखवताना समोरच्याला खुळ्यात काढायची गरज नसते.

आता “धावा अडवणं म्हणजे बळी घेणं नव्हे” याबद्दल. मद्रासला समोर इंग्लंडचे बोलस आणि बॅरिंग्टन होते, दोघंही पुढे ऐंशीच्या घरात गेले. म्हणजे टिकून राहिलेले, नजर बसलेले फलंदाज. त्यांना एक माणूस 131 चेंडू एक धाव काढू देत नाही! एकाच दिवसाचा योगायोग म्हणावं, तर 1960-61 मध्ये पाकिस्तानविरुद्ध कानपूरला 32 षटकांत 23 धावा आणि दिल्लीला 34 षटकांत 24. संपूर्ण कारकिर्दीत षटकामागे दोन धावासुद्धा नाहीत, 1.67.

आणि बळी हवेत ना? 1964 मध्येच, त्याच मद्रासला, ऑस्ट्रेलियाविरुद्ध पहिल्या डावात 31 धावांत 5, दुसऱ्या डावात 91 धावांत 6. 1968 मध्ये न्यूझीलंडमध्ये वेलिंग्टनला 43 धावांत 6. भारतानं परदेशात जिंकलेली ती पहिली मालिका. त्या मालिकेतले फिरकी गोलंदाज प्रसन्नांचे 24 बळी सगळ्यांना पाठ असतात, बापूंचे 14 कुणाला आठवत नाहीत. एका टोकाला धाव निघत नसेल तर फलंदाज दुसऱ्या टोकाला हात खोलतो आणि तिथे फसतो. तो बळी दुसऱ्याच्या नावावर लागतो.

हे मी पुस्तकं वाचून सांगत नाही. मीही डावखुरा फिरकी गोलंदाज, पुण्यात क्लब क्रिकेट अकरा वर्षं खेळलो. बापू सरावाला खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर टप्पा टाकायचे हे ऐकलं होतं, म्हणून मीही मॅटिंगवर पन्नास पैशांचं नाणं ठेवायचो. चांगल्या दिवशी तीस चेंडूंत एखादा लागायचा. टिच् असा आवाज यायचा आणि चेंडू अंगावर उसळायचा. तर्जनीच्या कडेला शिवणीनं घट्टा पडला होता. तो फुटला की आई हळद भरायची आणि संध्याकाळी मी पुन्हा मैदानात. एका उपांत्य सामन्यात मी 14 षटकांत 19 धावा दिल्या, बळी एकही नाही. समोरच्या टोकाच्या गोलंदाजाला सहा मिळाले. अंतिम सामन्याच्या संघात माझं नाव नव्हतं. कर्णधार म्हणाला, “तुला बळी कुठे मिळतात?” तुमचं वाक्य वाचलं आणि त्याचा आवाज जसाच्या तसा कानात आला. चाळीस वर्षांपूर्वी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं, तुम्हाला देतोय.

खेळपट्टी मेलेली होती म्हणता, तर मेलेल्या खेळपट्टीवर गोलंदाजाला धावा जास्त पडतात, कमी नाही. याहून जास्त त्यावर लिहीत बसत नाही. नाशिक-पुण्याचं म्हणाल तर बापू जन्मले नाशिकला, पुणे विद्यापीठाकडून खेळले, महाराष्ट्राकडून खेळले आणि पुढे मुंबईकडूनही खेळले. आपल्या माणसाचं कौतुक करायला मला कुणाची परवानगी लागत नाही.

कानपूरला 1964 मध्येच त्यांनी इंग्लंडविरुद्ध नाबाद 122 केल्या, त्याआधीच्या डावात नाबाद 52. ते तुमच्या आकड्यांत दिसले नाहीत. “छोडो मत” हे त्यांचं आवडतं वाक्य होतं असं गावसकरांनी सांगितलं आहे, आणि मी तरी हा विषय सोडणार नाही.

माझी 27 ची चूक मी दुरुस्त केली. तुमच्या ‘फक्त’चं काय करायचं ते तुम्ही ठरवा, आणि पुढच्या वेळी लिहाल तेव्हा नाव घालून लिहा.