प्रोसेसरला टूथपेस्ट लावू नका

'कोकणात घरी जोडलेला पीसी तापतो? हे पाच उपाय करा, दुकानदार कधीच सांगणार नाहीत.' आमच्या घरच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात हा मेसेज तीन जणांनी टाकला. एरवी मी असलं काही वाचतही नाही. पण देवगडच्या माझ्या भाच्याने त्यातला पहिला उपाय करूनही टाकला. दोन हंगाम आंब्याच्या पेट्या भरून जमवलेल्या पैशांतून या पोराने एकेक भाग आणून पीसी जोडलाय. चार दिवसांनी त्याचा फोन आला, "मामा, दोन दिवस बरा चालला, आता आधीपेक्षा जास्त तापता."

तो पहिला उपाय म्हणजे प्रोसेसर (पीसीची मुख्य चिप) आणि त्याला थंड ठेवणारा कूलर यांच्यामध्ये लावायच्या थर्मल पेस्टऐवजी पांढरी टूथपेस्ट. मेसेज म्हणतो, 'दोन्ही सारख्याच.' अजिबात नाहीत. प्रोसेसरची पाठ आणि कूलरचा तळ डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांच्यामध्ये बारीक फटी राहतात. त्या फटींत हवा असते आणि हवेतून उष्णता नीट पुढे जात नाही. थर्मल पेस्ट त्या भरून काढते, आणि ती उष्णतेत टिकावी अशीच बनवलेली असते. टूथपेस्टमध्ये मुख्यतः पाणी, ग्लिसरीनसारखे पदार्थ आणि दात घासायची पूड. ओली असेपर्यंत फटी भरतात, म्हणून पहिले दोन दिवस आकडे चांगले दिसतात आणि लोक खूश होऊन मेसेज पुढे ढकलतात. पाणी उडालं की उरते ती कोरडी पूड, आणि फटींत पुन्हा हवा.

रविवारी देवगडला जाऊन कूलर काढला. खाली भिंतीच्या चुन्यासारखा पांढरा पोपडा होता, नखाने टोकरला तर भुगा पडला. पुदिन्याचा वास अजून येत होता. कडेने ओघळलेली पेस्ट सॉकेटच्या, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या खाचेच्या, कडेला जेमतेम थांबली होती. ओली टूथपेस्ट वीज वाहून नेते, ती आत उतरली असती तर मदरबोर्डच, म्हणजे सगळे भाग जिच्यावर बसतात ती मुख्य पाटीच, जाऊ शकली असती.

आणि मूळ दुखणं काय होतं? प्रोसेसरच्या खोक्यातून सोबत येणारा इंटेलचा कूलर चार प्लास्टिकच्या पिनांवर बसतो. त्यातली एक पिन 'टक' करून बसलीच नव्हती, त्यामुळे कूलर एका कोपऱ्यात किंचित उचललेला होता. बोटाने दाबायचं काम, एक रुपया खर्च नाही. मेसेजमध्ये याबद्दल एक शब्द नाही, याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

दुसरा दावा: '६० अंशांच्या वर गेला की प्रोसेसर जळतो.' भाच्याकडे इंटेलचा कोअर आय-५ १२४०० हा प्रोसेसर आहे. इंटेलच्या स्वतःच्या माहितीपानावर त्याची कमाल मर्यादा १०० अंश सेल्सियस दिलीय. गेम चालू असताना ७०-७५ दिसणं नेहमीचं आहे. मर्यादेला पोचला तर प्रोसेसर आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरीही निभलं नाही तर पीसी बंद होतो. भाच्याचा गेम अडकत होता तो याच वेग कमी होण्यामुळे. ६० ला घाबरून कुणी पीसी बंद करू नका. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारं मोफत सॉफ्टवेअर टाका, गेम चालू ठेवून आकडा बघा आणि मग ठरवा.

तिसरा: 'दमट हवेत पीसी थंड होत नाही, म्हणून जवळ ओला टॉवेल किंवा बर्फ ठेवा.' दमट हवेत आपल्याला उकडतं कारण आपला घाम सुकत नाही. कूलरला घाम नसतो, तो खोलीतल्या हवेच्या तापमानावर चालतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, तिथेही लोक गेम खेळतात. आपल्याकडे ३४-३५ असताना तक्रार कसली? बर्फाशेजारच्या थंड पत्र्यावर मात्र हवेतलं पाणी धरतं, ते नक्की नुकसान करेल.

चौथा, 'पीसीच्या पेटीचा बाजूचा पत्रा काढून टेबल फॅन लावा.' यात अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. पत्रा काढल्यावर तापमान दहाएक अंशांनी उतरलं, तर पेटीत हवा खेळत नाही हे कळतं. तपासणीपुरतं जरूर करा. पण कायमचं उघडं ठेवू नका. समुद्राकडून येणाऱ्या हवेत मीठ असतं, आणि आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळतं आणि आतले भाग गंजवतं. पावसाळ्यात आपल्याकडे आर्द्रता त्याच्या वरच असते. त्यात जांभ्याची तांबडी धूळ आणि पाली. पत्रा बंद ठेवा, पुढच्या पंख्याला जाळी लावा, महिन्याला तिच्यावरची धूळ झटका.

पाचवा, 'गेम अडकतो म्हणजे ग्राफिक्स कार्ड बदला.' आधी मॉनिटरची केबल कार्डाला लावलीय की मदरबोर्डला, ते बघा; मदरबोर्डला असेल तर कार्ड वापरलंच जात नसेल. मग बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडता येणारी मदरबोर्डची सेटिंग) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगावर चालवणारा पर्याय, चालू आहे का ते बघा, नाहीतर ३२०० वेगाची रॅम बऱ्याचदा कमी वेगावरच चालत राहते. भाच्याचं एक्सएमपी बंदच होतं.

ज्यांनी टूथपेस्ट लावलीय त्यांनी आजच पीसी बंद करून प्लग काढा. सुती कापडावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दोन्ही बाजू पुसा, कडा इअरबडने. पूर्ण सुकल्यावर वाटाण्याएवढी थर्मल पेस्ट मधोमध ठेवा, कूलरच्या पिना तिरक्या समोरासमोरच्या कोपऱ्यांच्या जोडीने दाबा, आणि मदरबोर्डच्या मागून चारही पिनांची टोकं बाहेर आलीत का ते बॅटरी मारून बघा. भाच्याचा आकडा आता गेममध्ये ७२ वर थांबतो.