पुतळ्यांची माळ आणि घरची अडचण

पुतळ्यांच्या, म्हणजे नाण्यांसारख्या सोन्याच्या चकत्यांच्या, माळेचा रेशमी गोफ झिजून तुटला, एवढीच मूळ घटना. ही माळ माझ्या आजेसासूबाईंच्या सासूबाईंची. दर भाद्रपदात ती आधी ज्येष्ठा गौरीच्या गळ्यात पडते आणि मग घरच्या सुनेच्या. ती नव्याने गाठवून घ्यावी, म्हणून मी सुट्या पुतळ्या डबीत घालून लक्ष्मी रस्त्यावरच्या एका भव्य, वातानुकूलित दुकानात गेले.

काउंटरवरच्या ब्लेझरधारी तरुणाने पहिला प्रश्न विचारला, "पावती आहे का?" दुसरा प्रश्न एचयूआयडीचा, म्हणजे दागिन्यावरच्या हॉलमार्कच्या क्रमांकाचा होता. हॉलमार्कची सक्ती 2021 पासून टप्प्याटप्प्याने आली आणि सहा अक्षर-अंकांचा हा क्रमांक 1 एप्रिल 2023 पासून विक्रीसाठी अनिवार्य झाला. पण तो नियम दागिने विकणाऱ्या सराफांसाठी आहे, आमच्या पणजेसासूबाईंसाठी नव्हे, हे मी त्याला समजावून सांगितले. त्याने मान डोलावली आणि एका पुतळीच्या कडेवर नख ठेवून "इथे डिफेक्ट आहे" असे म्हटले. तो डिफेक्ट म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या पहिल्या दाताची खूण आहे, असे घरात सांगतात. "दुरुस्तीचं काम आम्ही घेत नाही, ताई. ही मोड देऊन नवीन काहीतरी लाइटवेट घ्या," असे म्हणून त्याने पुतळ्या काट्यावर ओतल्या.

मोड हा शब्द शेजारच्या खुर्चीवरच्या काकूंच्या कानी पडला, आणि तिथून पुढे दुकानाचा कारभार त्यांच्याकडे गेला.

"घरी काही अडचण आहे का हो?" त्यांनी अगदी हळू आवाजात विचारले, म्हणजे ते फक्त वरच्या मजल्याच्या जिन्यापर्यंतच ऐकू गेले.

"नाही, फक्त गाठवून घ्यायची आहे."

"असंच म्हणतात सगळे. आमची धाकटी जाऊ मोहनमाळ गाठवायलाच म्हणून घेऊन गेली होती, ती अजून गाठवतेच आहे. मिस्टरांची नोकरी आहे ना?"

"आहे."

"आयटीत?"

"हो."

"अगंबाई!" असे म्हणून त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. तेवढ्यात काट्यावर बावन्न ग्रॅमचा आकडा आला आणि मी नको तेव्हा बोलून गेले, की घरी आम्ही हिला पाच तोळ्यांची माळ म्हणतो. तरुण म्हणाला, "बरोबर आहे, पाचच्या वर भरली." काकू मात्र जुन्या हिशेबातल्या निघाल्या. आजचा सराफ दहा ग्रॅमचा तोळा धरतो. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, म्हणजे पाच तोळ्यांचे अठ्ठावन्नच्या वर ग्रॅम व्हायला हवेत. "मग सहा ग्रॅम गेले कुठे?" त्यांनी दुकानाला विचारले आणि मग माझ्याकडे वळल्या. "नणंद आहे का तुम्हाला?"

मला नणंद आहे. ती अत्यंत सज्जन बाई आहे. तरीही त्या संध्याकाळी तिचा फोन आला, तेव्हा मी तिच्याशी नेहमीपेक्षा थोडक्यात बोलले, आणि याबद्दल मी त्या काकूंना क्षमा करणार नाही.

वास्तविक या पुतळ्यांनी काकूंपेक्षा मोठी संकटे पाहिली आहेत. पुतळीचे मूळ व्हेनिसच्या डुकाटात आहे. तिथे 1284 पासून पाडलेली ही सोन्याची नाणी व्यापाराबरोबर हिंदुस्थानात आली. त्यांच्यावर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख असे. आमच्याकडच्या सोनारांनी तशा चकत्या घडवून त्यांच्यावर आपले देव बसवले, आणि आमच्या घरी आज राम-सीता म्हणून त्यांनाच हळदकुंकू वाहिले जाते. व्हेनिसचे प्रजासत्ताक 1797 मध्ये बुडाले, पुतळ्या राहिल्या. पुढे 1963 च्या जानेवारीत मोरारजी देसाईंनी सुवर्णनियंत्रण आणले, चौदा कॅरटहून अधिक कसाचे नवे दागिने घडवायला बंदी झाली आणि कित्येक सोनारांच्या भट्ट्या विझल्या. आता मोडाल तर पुन्हा असे सोने अंगावर दिसायचे नाही, असे बजावून आजेसासूबाईंनी ही माळ तेव्हाही मोडू दिली नव्हती. मोरारजीभाईंना जे जमले नाही, ते हा ब्लेझरमधला मुलगा चहा येईपर्यंत उरकायला निघाला होता.

आणि त्याचा व्यवहार तरी कसा, तर जुन्यातून घट कापायची, नव्यावर घडणावळ लावायची, वर तीन टक्के जीएसटी; म्हणजे ज्या कारागिराने एकेका चकतीवर रामाचे धनुष्य उठवले त्याची मजुरी शून्य, आणि ठशातून निघालेल्या पोकळ साखळीची मजुरी मात्र मी द्यायची. दुरुस्तीत नफा नाही, हे मला कळते. पण मग दाराबाहेर तशी पाटी लावावी. "पिढ्यान्पिढ्यांचे नाते" अशी कशाला लावता?

पुतळ्या मोजून परत डबीत भरल्या. शेजारच्या पेठेतल्या एका बोळात पटवेकरी भेटले. त्यांनी पावती, क्रमांक, मिस्टरांची नोकरी, काहीही न विचारता लाल रेशमाचा गोफ वळला, गोंडा लावला आणि माळ माझ्यासमोर गाठवून दिली. त्यांच्याविषयी तक्रारीला जागा नाही, त्यामुळे लिहिण्यासारखेही फारसे नाही.

दुकानाने मात्र माझा फोन नंबर घेऊन ठेवला आहे. "मॅडम, तुमच्या त्या मोडीचं काय ठरलं?" असे एक गोड आवाज सकाळी पोळ्यांच्या वेळी विचारतो. हेही एक वेळ सहन झाले असते, पण मोहनमाळ गाठवणारी ती धाकटी जाऊ आमच्याच सोसायटीत, बी विंगमध्ये राहते, हे मला परवा समजले. समजले ते असे की, सोसायटीचे खजिनदार जिन्यात भेटले आणि खाली पाहत म्हणाले, "वहिनी, या तिमाहीचा मेंटेनन्स सवडीने दिलात तरी चालेल."