आधी मुहूर्त काढा, किंमत मग बघू

आपल्या सोलापुरात गाडी घ्यायचं घरात ठरलं ना? मग पहिलं काम म्हणजे पंचांग उघडा. किंमत, मॉडेल, मायलेज या क्षुल्लक गोष्टी आहेत. पाडवा, अक्षय तृतीया, दसरा, धनत्रयोदशी यांतला एक दिवस पक्का करा आणि शोरूममध्ये पाय ठेवताच पहिल्याच वाक्यात सांगून टाका, "दसऱ्याला सकाळी साडेनऊला गाडी रूपाभवानीला पूजेला न्यायचीच आहे." लगेच तुमच्यासाठी चहा येईल. कितीही वाढवून सांगितलं तरी हे गिऱ्हाईक आता उठून जात नाही, एवढं सेल्समनला त्या एका वाक्यात कळलेलं असतं.

पितृपक्षात मात्र चुकूनही जाऊ नका. त्या पंधरवड्यात शोरूममध्ये चिटपाखरू नसतं, पण महिन्याचं टार्गेट तेवढंच असतं. दसऱ्याला मान वर न करणारा तोच सेल्समन तुम्हाला दारापर्यंत सोडायला येतो आणि मॅनेजर स्वतः केबिनमधून उठतो. भाव तेव्हा पाडून घ्यायचा, बुकिंग तेव्हा करायचं आणि डिलिव्हरी दसऱ्याची मागायची, असं कुणी सुचवलं तर त्याला नास्तिक म्हणा. महिनाअखेर, मार्चअखेर आणि डिसेंबर हेही असेच अशुभ काळ. डिसेंबरची सूट खरी असते, कारण यार्डात उभी असलेली गाडी १ जानेवारीला एका रात्रीत वर्षाने म्हातारी होते. आठ-दहा वर्षं वापरणाऱ्याला त्याने काही फरक पडत नाही. तीन वर्षांत विकणाऱ्याला पडतो.

शोरूममध्ये बसल्यावर एकच प्रश्न विचारायचा, "ऑन-रोड किती?" म्हणजे टॅक्स, विमा सगळं धरून किती. त्या आकड्याच्या पोटात काय काय आहे हे विचारणं चांगल्या घरच्या माणसाला शोभत नाही. समजा ९ लाख एक्स-शोरूमची (रोड टॅक्स आणि विमा सोडून) पेट्रोल गाडी आहे. आपल्या महाराष्ट्रात १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला, स्वतःच्या नावावर घेतली तर, ११ टक्के रोड टॅक्स, म्हणजे ९९,००० रुपये. डिझेल असेल तर १३ टक्के. नोंदणी फी ६००, आरसीच्या (नोंदणी प्रमाणपत्राच्या) कार्डाचे २००, कर्ज असेल तर बँकेचा बोजा चढवायचे १,५००. झाले १,०१,३००, आणि वर किरकोळ काही धरा. कोटेशनमध्ये 'आरटीओ' या ओळीपुढे १,१२,००० लिहिलं असेल तर वरच्या दहा हजारांबद्दल बोलू नका. "एजंटचा खर्च असतो सर," एवढं ऐकून मान डोलवा. नव्या गाडीच्या नोंदणीचा अर्ज करणं हे २०१९ च्या कायदादुरुस्तीपासून डीलरचंच काम आहे, अर्ज आणि टॅक्स दोन्ही ऑनलाइन जातात आणि टॅक्सची पावती सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर निघते, ही माहिती स्वतःपुरती ठेवा. नंबर प्लेटचे वेगळे पैसे लावले असतील तर तेही द्या. १ एप्रिल २०१९ नंतर बनलेल्या गाडीबरोबर ती प्लेट कंपनीनेच द्यायची असते, पण आपण कशाला कुणाचं मन दुखवा.

१० लाखांच्या वर गाडी गेली की १ टक्का टीसीएस, म्हणजे डीलरने तुमच्याकडून आगाऊ घ्यायचा आयकर, लागतो. तो भरताना पॅन नंबर बरोबर लिहू नका, नाहीतर रिटर्नमध्ये परत मिळेल.

'हँडलिंग चार्जेस' आनंदाने भरा. गाडी यार्डातून शोरूममध्ये आणायचे ते पैसे आहेत म्हणे. किमतीचं नाव एक्स-शोरूम, म्हणजे शोरूमच्या दारातली किंमत. दारापर्यंत आणायचा खर्च त्या किमतीत नसेल तर काय आहे त्यात? चपलांच्या दुकानात "माळ्यावरून जोड काढायचे वेगळे पन्नास" असं कुणी म्हणालं तर आपण त्याच चपलेने उत्तर देऊ. इथे नऊ लाखांची वस्तू, म्हणून गप्प. परवा ज्या कोटेशनवरून हे सगळं डोक्यात गेलं, त्यात तर 'इतर' नावाची एक ओळ होती. रुपये ८,५००. इतर म्हणजे काय, हे टेबलापलीकडच्या तिघांपैकी एकालाही सांगता आलं नाही.

आता इन्शुरन्स. इथे अजिबात डोकं चालवायचं नाही. डीलर सांगेल ती कंपनी, डीलर सांगेल तो प्रीमियम. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा (आपल्या गाडीने दुसऱ्याच्या केलेल्या नुकसानीचा) नव्या कारला सक्तीचा आहे आणि त्याचा दर सरकार ठरवतं. १००० सीसीपर्यंत ६,५२१, १००० ते १५०० सीसीपर्यंत १०,६४०, त्याच्या वर २४,५९६, आणि त्यावर जीएसटी. हा आकडा होटगी रोडला घ्या नाहीतर मुंबईत घ्या, तोच राहणार. म्हणजे सगळी गंमत उरलेल्या भागात, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्यात आणि ॲड-ऑनमध्ये, म्हणजे त्यावर जोडायच्या जादा कव्हरमध्ये. तो एकाच वर्षाचा घेतला तरी चालतो, हे न सांगता तीन वर्षांचं पॅकेज पुढे सरकवलं जातं. नव्या गाडीची आयडीव्ही (गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी देईल ती रक्कम) एक्स-शोरूमच्या ९५ टक्के असते, ९ लाखांच्या गाडीला ८,५५,०००. तेवढीच आयडीव्ही, तेच झिरो डेप (घसारा न कापता भरपाई), तेच बाकीचे ॲड-ऑन घेऊन घरी बसून तीन कंपन्यांचे दर काढले तर डीलरच्या कागदावरचा आकडा किती फुगलाय ते दहा मिनिटांत दिसतं. म्हणून काढू नका. आणि तुम्ही काढलेच, तर तो जो स्वस्त दर लगेच 'मॅच' करून देतो त्यात आयडीव्ही गुपचूप खाली आणलीय का, हेही बघू नका. चोरी झाल्यावर कळेलच.

'इंजिन प्रोटेक्ट' हे ॲड-ऑन घ्यावं का? नळाला पाणी पाच दिवसांनी येतं, इंजिनात कुठून जाणार. (पहिल्या मोठ्या पावसात सखल रस्त्यांचा ओढा होतो तो भाग वेगळा. घ्या. आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट मारू नका. पाणी सिलिंडरमध्ये शिरून कनेक्टिंग रॉड वाकतो, तो खर्च साध्या पॉलिसीत बसत नाही.)

जुनी गाडी तिथेच एक्सचेंजला देताय? मग नो क्लेम बोनसचं नाव कुणी काढणार नाही. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. पाच वर्षं क्लेम नसेल तर ५० टक्के. जुनी पॉलिसी बंद करताना कंपनीकडून त्याचं पत्र घेतलं की नव्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियममध्ये तेवढी सूट मिळते, आणि ते पत्र तीन वर्षं चालतं. हे विचारलं की म्हणतात, "सर, ते सिस्टिममध्ये येत नाही." येत नाही? प्रीमियम बरोबर येतो सिस्टिममध्ये, बोनस तेवढा येत नाही? १५ लाखांचं वैयक्तिक अपघात कव्हर तुमच्याकडे आधीच असलं तरी ते दुसऱ्यांदा गळ्यात घालतात, तेव्हा कशी सिस्टिम चालते? "बाहेरून घेतलं तर कॅशलेस होणार नाही." साफ खोटं. कॅशलेस हे विमा कंपनी आणि वर्कशॉप यांच्यात ठरलेलं असतं, यादी कंपनीच्या साइटवर असते, पॉलिसी कुणी विकली याच्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. "मग डिस्काउंट निघेल सर." डिस्काउंट गाडीवरचा आहे की इन्शुरन्सच्या कमिशनमधून आमच्याच खिशातून काढून आम्हालाच दाखवलेला आहे? "डिलिव्हरीला आठ दिवस जास्त लागतील." अहो, पॉलिसीची पीडीएफ पाच मिनिटांत मोबाईलवर येते. ती काय जुन्या बार्शी लाइट रेल्वेने यायची आहे? विमा कुणाचा घ्यायचा हे गिऱ्हाईक ठरवतं, सक्ती करता येत नाही. हे या लोकांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं आणि तरी तोंड वर करून...

असो. उपदेश चालू ठेवू.

कर्ज घेताना फक्त हप्ता विचारा. हप्ता बसत नसेल तर सेल्समन कॅल्क्युलेटरवर पाचची सात वर्षं करतो आणि हप्ता बसवून देतो, केवढी माया. व्याजदर 'फ्लॅट' (शेवटपर्यंत पूर्ण मूळ रकमेवर) की 'रिड्युसिंग' (फक्त उरलेल्या रकमेवर) हे विचारायचं नाही. ८ लाखांचं कर्ज, ६ टक्के फ्लॅट, पाच वर्षं, म्हणजे व्याज २,४०,००० आणि हप्ता १७,३३३. ऐकायला ६, पण बँकेच्या रिड्युसिंग हिशेबाने हाच हप्ता १०.८५ टक्क्यांना पडतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने १ ऑक्टोबर २०२४ पासून कर्जाआधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' द्यावंच लागतं, आणि त्यात प्रोसेसिंग फीसकट खरा वार्षिक दर छापलेला असतो. तो कागद सही करायच्या गठ्ठ्यात मधे कुठेतरी असतो. तिथे न थांबता सह्या करत राहा.

ॲक्सेसरीज शोरूममधूनच घ्या. विशेषतः जाड सीट कव्हर. सीटच्या बाजूला एअरबॅग असेल आणि कव्हरला त्या जागी फाटणारी शिवण नसेल, तर एअरबॅग कव्हरच्या आतच अडकते. सीट मात्र नवीकोरी राहते.

जुनी गाडी देताना मालकी बदलायच्या फॉर्म २९ आणि ३० वर कोऱ्या सह्या करून द्या आणि ताबा दिल्याची तारीख-वेळ लिहून घेऊ नका. पुढे कुठल्या तरी अनोळखी टोलनाक्याचं चलन तुमच्या मोबाईलवर आलं की जुन्या गाडीची आठवण ताजी होते.

गाडी तपासायची असेल तर रजिस्ट्रेशन झाल्यावर तपासा, तेही रात्री, शोरूमच्या झगझगीत दिव्यांखाली. काही लोक उगाच रजिस्ट्रेशनच्या आधी, दिवसाउजेडी, यार्डात जातात. चॅसिस नंबरची सतरा अक्षरं लिहून घेतात. बऱ्याच कंपन्यांत दहावं अक्षर वर्षाचं असतं, R म्हणजे २०२४, S म्हणजे २०२५, T म्हणजे २०२६. मग तोच नंबर बिलावर आणि फॉर्म २१ वर (डीलरच्या विक्री प्रमाणपत्रावर) आहे का ते जुळवतात, कारण उत्पादनाचा महिना आणि वर्ष त्या फॉर्मवर लिहावं लागतं. टायरवरचे चार आकडे वाचतात. २३२५ म्हणजे २०२५ सालचा तेविसावा आठवडा. आपल्याकडे मे महिन्यात ४३-४४ अंशांत गाडी उघड्या यार्डात उभी असेल तर वायपरचं रबर कडक होतं, बॅटरी उतरते, एकाच जागी दाबून राहिलेले टायर सपाट होतात आणि गाडी ऐंशीच्या पुढे थरथरते. म्हणून हे लोक वायपर पाणी मारून चालवतात, एसी दहा मिनिटं लावून ठेवतात, बंपर आणि फेंडरचा रंग उन्हात तिरपा बघतात, स्टेपनी-जॅक-दुसरी किल्ली मोजतात. खोट सापडली तर गाडी बदलून मागतात. नंबर पडायच्या आधी ती डीलरची अडचण असते. नंबर पडला की तुमची.

आता हे गोड बोलणं बास. चादर घेताना आपण ती उलटी करून, उजेडाला धरून वीण बघतो. शेंगाचटणी घेताना चिमूटभर तोंडात टाकल्याशिवाय पावशेर घेत नाही. आणि नऊ लाखांच्या गाडीच्या कोटेशनवर 'इतर ८,५००' लिहिलेलं दिसत असताना गप्प बसतो, का तर सोबत मेव्हणा आहे, बायको-पोरांचा मूड आहे, "एवढ्या मोठ्या खरेदीत पाच-दहा हजारांचं काय घेऊन बसलास" म्हणणारा एखादा काका आहे. काय बे, लाज कुणाला वाटायला पाहिजे? मागणाऱ्याला की विचारणाऱ्याला? प्रत्येक ओळीची पावती मागा. ज्या ओळीची पावती नाही ती ओळ खोडायला लावा, आणि खोडलेलं कोटेशन शिक्क्यानिशी घ्या. ऐकत नसतील तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन लावा, त्यांच्यासमोरच लावा. तरीही नाही जमलं तर उठा. तेच मॉडेल पुण्यातही मिळतं आणि शेजारच्या जिल्ह्यातही. तुम्ही उठलात की बऱ्याचदा जिन्यातच मागून हाक येते.

आणि डिलिव्हरीच्या दिवशी लाल कापड ओढून, केक कापून, पुठ्ठ्याची चार फुटी किल्ली हातात धरून फोटो झाला की सेल्समन कानाशी येऊन म्हणेल, "सर, कंपनीकडून फोन येईल, दहापैकी दहा सांगा हं." त्याचा इन्सेंटिव्ह त्या दहावर असतो, आणि डीलर कंपनीला घाबरतो तेही तेवढ्याचसाठी. फोन आला की हँडलिंगचे किती घेतले, इन्शुरन्स कसा गळ्यात मारला, 'इतर'मध्ये काय होतं, ते आकड्यांसकट सांगा. नंतर शोरूममधून रडवेला फोन येईल. तेव्हा विचारा, ८,५०० कधी परत करताय?