‘नेट न्यूट्रॅलिटी गेली, काय बिघडलं?’ बिघडलं ते कुठे बघायचं

नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने सगळ्या सेवांच्या डेटाला सारखीच वागणूक द्यायची. अमेरिकेत इंटरनेट कंपन्यांवर याचे नियम परत लावायचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो. तो थोडक्यात असा: ‘2017 मध्ये एफसीसीने (अमेरिकेच्या दूरसंचार नियामक संस्थेने) नियम काढले. इंटरनेट बंद पडलं नाही, उलट वेग वाढला. नियम असताना कंपन्यांनी गुंतवणूक आखडली होती. कोविडमध्ये नियमवाल्या युरोपला नेटफ्लिक्सपुढे हात जोडावे लागले, अमेरिकेचं नेटवर्क टिकलं. जे जास्त डेटा ओततात त्यांनी पैसे द्यायला काय हरकत आहे? आणि शेवटी कोर्टानेही नियम चुकीचेच ठरवले.’

यातली काही वाक्यं खरी आहेत, म्हणूनच मजकूर पटकन पटतो. एकेक घेऊ.

‘इंटरनेट बंद पडलं नाही’

नाही पडलं. वेबसाइट एकेक शब्दाने उघडेल असे इशारे तेव्हा नियमांच्या बाजूच्या लोकांनीच दिले होते, आणि ते हास्यास्पद होते. सोशल मीडियासाठी वेगळं पॅक, व्हिडिओसाठी वेगळं, असा पोर्तुगालच्या कंपनीचा जो फोटो भीती घालायला फिरवला गेला, तो देश तर युरोपीय संघाच्या नेट न्यूट्रॅलिटी नियमांखालीच होता.

पण 2015 चे हे नियम इंटरनेट चालू ठेवण्यासाठी नव्हतेच. त्यांत तीन मनाया होत्या: कायदेशीर सेवा रोखायची नाही, एखाद्याच सेवेचा वेग मुद्दाम आवळायचा नाही, आणि पैसे घेऊन कुणाला रांगेत पुढे काढायचं नाही. या तीन गोष्टी कुणी करतच नाही, हे समजणं भाबडेपणाचं. 2005 मध्ये मॅडिसन रिव्हर या टेलिफोन कंपनीने इंटरनेटवरून होणारे कॉल रोखले आणि एफसीसीने तिच्याकडून 15,000 डॉलर वसूल केले. 2012 मध्ये एटीअँडटी या मोबाइल कंपनीने मोबाइल डेटावर अॅपलची व्हिडिओ कॉल सेवा फेसटाइम फक्त ठरावीक प्लॅनवाल्यांनाच दिला.

2007 चं कॉमकास्ट या केबल-इंटरनेट कंपनीचं प्रकरण जरा जवळून बघण्यासारखं आहे. बिटटॉरंटवर दोन संगणक फाइल देवघेव करत असतात. मध्ये बसलेलं कंपनीचं यंत्र हा प्रवाह ओळखतं आणि ‘कनेक्शन तोडा’ असं सांगणारं बनावट रीसेट पॅकेट दोन्हीकडे पाठवतं, तेही समोरच्याच्या नावाने. दोघांनाही वाटतं, पलीकडच्याने फोन ठेवला. ग्राहकाला कुठलीही सूचना नाही, फक्त अपलोड अडकलेलं. असोसिएटेड प्रेसने खात्री करायला बायबलची प्रत अपलोड करून पाहिली, तरी तेच झालं. म्हणजे चोरीचा माल अडवण्याचा प्रश्न नव्हता, बिटटॉरंटची पद्धत दिसली की तोडायचं एवढंच होतं. नियमभंग असा दिसतो. बाहेरून तो ‘आज नेट स्लो आहे’ यापेक्षा वेगळा वाटतच नाही.

2017 नंतर काय झालं तेही मोजलं गेलंय. नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी ‘वीही’ नावाचं अॅप बनवलं. ते यूट्यूब किंवा नेटफ्लिक्सचा आधी रेकॉर्ड केलेला डेटा तुमच्या फोनवरून दोनदा चालवतं: एकदा जसाच्या तसा, एकदा आतले बिट बदलून, म्हणजे मधल्या यंत्राला तो व्हिडिओ आहे हे ओळखता येऊ नये. आकार तोच, वेळापत्रक तेच. मूळ डेटा 1.5 एमबीपीएसवर सपाट अडकला आणि बदललेला त्याच्या कितीतरी पट वेगाने गेला, तर कारण गर्दी नाही, ओळख आहे. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात अमेरिकेतल्या मोठ्या मोबाइल कंपन्या व्हिडिओ आवळताना सापडल्या, आणि तेही चोवीस तास, रात्री नेटवर्क रिकामं असतानासुद्धा. एकाच नेटवर्कवर एक व्हिडिओ सेवा आवळली जायची, दुसरी मोकळी सुटायची.

ही चाचणी करताना तीन चुका हमखास होतात. वायफाय चालू राहतं, मग मोबाइल कंपनी तपासलीच जात नाही. व्हीपीएन चालू राहतो, मग मधल्या यंत्राला काहीच ओळखता येत नाही. किंवा रोजचा डेटा संपल्यावर चाचणी होते. तेव्हा सगळंच सारखं हळू चालतं, आणि सरसकट हळू चालणं म्हणजे भेदभाव नव्हे. सिग्नल चांगला असताना, दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी, चारपाच वेळा करा. एका निकालावर कंपनीला धारेवर धरू नये.

इथे विरोधकांना एक मुद्दा द्यायला हवा: व्हिडिओ 480पीवर, म्हणजे कमी दर्जावर, आणणारे प्लॅन 2015 चे नियम लागू असतानाच आले होते. मात्र एफसीसीची चौकशी तेव्हा चालू होती. एटीअँडटी आणि व्हेरायझन स्वतःच्या व्हिडिओ सेवांचा डेटा ज्या प्रकारे मोजतच नव्हत्या, त्यावर जानेवारी 2017 मध्ये तिथल्या अधिकाऱ्यांनी प्रतिकूल अहवाल दिला. एफसीसीच्या अध्यक्षपदी अजित पै आले आणि पुढच्याच महिन्यात ती फाइल बंद झाली.

‘उलट वेग वाढला’

वाढला. 2015 ते 2017 मध्येही वाढत होता. केबलवर डॉक्सिस 3.1 हे जास्त वेगाचं तंत्र आलं, फायबर पसरलं. कोंबडं आरवलं म्हणून उजाडत नाही.

‘गुंतवणूक आखडली होती’

डिसेंबर 2014 मध्ये, कडक नियम येणार हे दिसत असताना, व्हेरायझनच्या मुख्य वित्त अधिकाऱ्याने गुंतवणूकदारांसमोर स्पष्ट सांगितलं होतं की आमच्या गुंतवणुकीवर याचा परिणाम होत नाही. नियम गेल्यावर 2019 मध्ये कॉमकास्टच्या केबल विभागाचा भांडवली खर्च आदल्या वर्षापेक्षा कमी झाला. त्यावरून ‘नियम गेल्याने गुंतवणूक घटली’ असं म्हणणं तितकंच चुकीचं ठरेल. हा खर्च उपकरणं बदलायच्या चक्रावर हलतो.

भारताचं उदाहरण या मजकुरात कधीच नसतं. 8 फेब्रुवारी 2016 ला ट्राय या आपल्या दूरसंचार नियामकाने भेदभावाचे डेटा दर बंद केले. ठरावीक वेबसाइट तेवढ्या फुकट देणारं फेसबुकचं फ्री बेसिक्स त्यातच गेलं. दंड दिवसाला 50,000 रुपये, कमाल 50 लाख. त्याच वर्षी 5 सप्टेंबरला जिओ सुरू झालं. पैसा आधीच ओतलेला होता हे मान्य, पण नियमाने तो अडला नाही, आणि पुढची डेटायुद्धं याच नियमाखाली लढली गेली.

‘कोविडमध्ये युरोप वाकला’

मार्च 2020 मध्ये युरोपीय आयुक्त थिएरी ब्रेतों यांच्या विनंतीवरून नेटफ्लिक्सने तिथला डेटा सुमारे 25 टक्क्यांनी घटवला, हे खरं. पण ती खबरदारी होती. युरोपच्या नियमात गर्दी झाली किंवा होऊ घातली तर उपाय करायची मुभा आधीपासून आहे, अट एवढीच की एका प्रकारच्या डेटाला एकच न्याय लावा. यूट्यूबने तर काही दिवसांतच जगभर, अमेरिकेसकट, सुरुवातीचा दर्जा एसडीवर, म्हणजे एचडीच्या खाली, आणला. ‘अमेरिकेला गरज पडली नाही’ हे वाक्य तिथेच संपतं.

‘जास्त डेटावाल्यांनी पैसे द्यावेत’

मजकुरातला सगळ्यात चलाख मुद्दा हाच. भारतातही मोबाइल कंपन्यांची संघटना हीच मागणी ‘न्याय्य वाटा’ म्हणून करत असते.

नेटफ्लिक्स डेटा ‘ओतत’ नाही, ग्राहक तो मागवतो, आणि मागवण्याचे पैसे त्याने महिन्याच्या बिलात दिलेले असतात. शिवाय नेटफ्लिक्स आपले साठवणीचे सर्व्हर मोठ्या इंटरनेट कंपन्यांच्या आवारात फुकट बसवून देतं. लोकप्रिय मालिका रात्री एकदाच येते आणि पुढे गावातल्या गावात वाटली जाते. एकाच मालाचे दोनदा पैसे घ्यायचे तर ग्राहकाचं दार अडवून धरावं लागतं. ते तसं धरता येऊ नये, यासाठीच नियम.

करून पाहिलेला देश दक्षिण कोरिया. डेटा पाठवणाऱ्याने पैसे द्यायचे ही पद्धत तिथे रुजली. ट्विच या लाइव्ह व्हिडिओ सेवेने सप्टेंबर 2022 मध्ये तिथल्या प्रेक्षकांसाठी दर्जा 720पीवर आणला आणि फेब्रुवारी 2024 मध्ये खर्च परवडत नाही म्हणून तिथला धंदाच गुंडाळला. पैसे मागणाऱ्या कंपन्यांच्या ग्राहकांनाच ती सेवा मिळेनाशी झाली.

‘कोर्टाने नियम चुकीचे ठरवले’

2 जानेवारी 2025 चा सहाव्या सर्किट कोर्टाचा (अमेरिकेतल्या एका केंद्रीय अपील कोर्टाचा) निकाल वाचा. एप्रिल 2024 मध्ये एफसीसीने 3 विरुद्ध 2 मतांनी परत आणलेले नियम त्याने रद्द केले. कारण हे की ब्रॉडबँडला टेलिफोनसारखी दूरसंचार सेवा ठरवण्याचा अधिकार सध्याच्या कायद्यात एफसीसीला नाही. वेग आवळणं चांगलं की वाईट, हा प्रश्न कोर्टापुढे नव्हताच. आधी कायदा मोघम असला की कोर्टं सरकारी संस्थेने लावलेला अर्थ मान्य करत, पण जून 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा मोडली.

दुसरा निकाल मजकुरात गाळलेला असतो. 2019 मध्ये वॉशिंग्टनच्या अपील कोर्टाने नियम काढणं बहुतांशी मान्य केलं, पण राज्यांना स्वतःचे कायदे करायला सरसकट मनाई करण्याचा एफसीसीचा हुकूम फेटाळला. त्याआधीच, 2018 मध्ये, कॅलिफोर्नियाने कडक कायदा करून ठेवला होता. तो मार्च 2021 मध्ये अमलात आला आणि जानेवारी 2022 मध्ये नवव्या सर्किटने तो थांबवायला नकार दिला. तो लागू होताच एटीअँडटीने ‘आमच्या सेवेचा डेटा मोजत नाही’ ही योजना एका राज्यात नव्हे, सगळ्या देशात बंद केली, कारण राज्यागणिक वेगळं मोजणं जमत नाही. नियम गेल्यावरही फार काही दिसलं नाही, याचं एक कारण हे. पण त्याचा भरवसा धरता येत नाही: सॅन होजेतल्या मराठी कुटुंबाला आज कायद्याने जी हमी आहे, ती डॅलसमध्ये राहणाऱ्या त्यांच्या भावाला नाही. त्याच्याकडे आहे ते कंपनीचं आश्वासन, आणि ते मोडलं तर तक्रार ऐकायला, झाल्या प्रकारानंतर, फेडरल ट्रेड कमिशन.